गालिच्याखालचं गाव

“पवन, नागाले फांदी राहते का बे?” आम्रपालीने हळूच विचारलं.

“फांदी झाडाले राहते! तू पुन्हा उभ्या उभ्या झोपली का?”

पवन तिचा आतेभाऊ. आम्रपाली उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पाहते, हे त्याने अख्ख्या बालाघाटात सांगून ठेवलं होतं. आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं!

दिवाळीच्या सुट्टीत कोठी मोहल्ल्याची वारसा फेरी निघाली होती. जुन्या ठेकेदारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वाड्यांसारख्या कोठ्या एकेक करून पाहत मुलं शेवटच्या कोठीत पोचली होती. दिवाणखान्याच्या रंगीत काचांतून ऊन आत उतरलं होतं, आणि जमिनीवर जांभळं, पिवळं, हिरवं होऊन पसरलं होतं. आपण पाण्यातच उभ्या आहोत, असं आम्रपालीला वाटलं. पायाखाली फुटक्या कपबश्यांच्या तुकड्यांची फरशी होती. पांढऱ्या तुकड्यांमधून एक निळा पट्टा वळणं घेत जायचा आणि मोठ्या गालिच्याखाली दिसेनासा व्हायचा.

“हा पाहा निळा नाग!” फेरीचे वाटाडे वीरेंद्र सर आल्या आल्याच हात पसरून म्हणाले होते. “डोकं गालिच्याखाली आहे. खास विलायतेहून कारीगर बोलावले होते, बच्चो!”

दाराशी एक नवीकोरी दगडी पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. ‘फरशी : विलायती कारागीर’. फेरी संपली की ती भिंतीत बसणार होती. बाहेर मिस्त्री सिमेंट कालवतही होता.

आम्रपालीने पाटी पुन्हा एकदा वाचली. तिचे आजोबा, भैयालाल, राजेगावहून खास या कोठीसाठी आले होते. गुडघे साथ देत नव्हते, म्हणून फाटकाशी ओट्यावर बसून राहिले होते. ही फरशी आपल्या आईने, कमलाबाईने बसवली, असं ते जन्मभर सांगत आले होते. घरात सगळे नुसते “हौ हौ” म्हणायचे. पणजीचा ना फोटो होता, ना कुठे नाव. होती ती ही फरशी, आणि तीही आता विलायतेला चालली होती!

“सर, नागाले ही फांदी काहून आहे?” तिने धीर करून विचारलं. निळ्या पट्ट्याला बाजूने एक बारीक निळी रेघ येऊन मिळाली होती.

“डिझाइन आहे, बेटा, डिझाइन! चला, सरबत घ्या सगळे!”

मुलं हसली. आम्रपाली मात्र धूम पळत फाटकाशी गेली.

“नाग?” आजोबा खो खो हसले. “थे वैनगंगा हाये, बाई! अन् तिले मिळते थे आपली बाघ नदी. मालक म्हणे, वेल काढ. पण मायले गावाची लय याद ये. तिनं नदी काढली.”

“अन् गालिच्याखाली काय आहे, आजोबा?”

“तवा गालिचा कुठं होता! मी पाच वर्साचा होतो. तुकडे निवडून द्याचो मायले.” आजोबांनी डोळे मिटले आणि एकेक गोष्ट सांगू लागले. आम्रपालीने भराभरा वहीत उतरवून घेतलं.

“अन् शेवटचा तुकडा?” तिने विचारलं.

“थो मालकाचा नसते. फरशी बसवणाऱ्या बाया शेवटचा तुकडा आपल्या घरचा लावत. रीतच होती तशी!”

ती परत आली तेव्हा कोठीच्या मालकीण रीनाकाकू वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. आम्रपालीने वहीचं पान घडी करून त्यांच्या हातात दिलं.

“काकू, हे मी सांगीन तवाच उघडा. सर, जरा गालिचा उचलता का?”

“अजिबात नाही!” वीरेंद्र सर कडाडले. “गालिच्याला बोट लावायचं नाही!”

आम्रपालीने पवनकडे पाहिलं. पवनने डोळा मिचकावला, बाटली उघडली, आणि...

“अरे बाप रे! सांडलं!”

“सरबत! डाग पडेल! उचला, उचला!” वीरेंद्र सर स्वतःच धावले. मिस्त्री आला, मुलंही वाकली, आणि जड गालिचा गुंडाळत गुंडाळत भिंतीशी गेला.

खाली नागाचं डोकं नव्हतं!

“आता वाचा, काकू!” आम्रपाली म्हणाली.

रीनाकाकूंनी घडी उलगडली. “‘नदीच्या काठी चौदा घरं, पांढऱ्या तुकड्यांची.’”

“बारा, तेरा, चौदा!” पवन ओरडला.

“‘नदीत डोंगा. कपाचा कान आडवा लावलेला.’”

निळ्या पाण्यात कपाचा कान होडीसारखा तरंगत होता.

“‘शेवटच्या घराच्या दारात हिरव्या बांगडीचा तुकडा.’” काकूंनी वाकून पाहिलं. “अगं, माझ्या सासूबाईंनीही हे कधी पाहिलं नव्हतं. तुला कोणी सांगितलं?”

“ज्यानं तुकडे निवडून दिले, त्यानं! थो फाटकाशी बसला आहे.”

वीरेंद्र सरांचे कान लाल झाले. “चूक माझी. मी ऐकीव सांगत आलो. कोणाला विचारलंच नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी स्वतः ती पाटी उलटी करून ठेवली.

“नवी पाटी लागेल, कमलाबाईंच्या नावाची!” रीनाकाकू म्हणाल्या. “शाबास, पोरी! आणि तू रे? सरबतच होतं ना?”

“साधं पाणी, काकू. मुद्दामच!” पवनने जीभ चावली, आणि काकूंनी हसत त्याच्या पाठीवर थाप दिली.

आम्रपालीने आजोबांना हात धरून आणलं. उंबऱ्यापाशी ते थबकले. फरशी झाल्या दिवसापासून त्यांना या दारातून आत कोणी बोलावलंच नव्हतं. त्यांनी चपला काढल्या. रंगीत उन्हातून, निळ्या नदीच्या काठाकाठाने ते हळूहळू चालत गेले. चौदाव्या घरापाशी कसेबसे खाली बसले, आणि हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं.

“माय,” ते म्हणाले, “पाह्य, तुझी पणती घेऊन आली मले घरी.”