सहा सील, नवीन

अक्षता, एक सांग. समोर दोन माणसं उभी आहेत. एक आईची शपथ घेतो, दुसरा शिक्क्याचं बिल दाखवतो. विश्वास कोणावर ठेवशील?

"बिलावर, काका."

"मी कोणावरच नाही," विकास म्हणाला. "म्हणून माझा धंदा नाही."

हस बाबा. चहा संपव आणि ते दार लोटून घे. उद्यापासून लालबागचं आपलं स्पेअरपार्टचं दुकान तुझी बहीण सांभाळणार, म्हणून आजच सांगतो. हे परळच्या रामदास मेस्त्रीच्या बाबतीत घडलंय. तो आहे अजून. जाऊन विचार हवं तर. सांगणार नाही, तो भाग वेगळा.

गिरगावच्या राकेशकडे त्याच्या वडिलांची जुनी जपानी गाडी होती. रोटरी इंजिनवाली. त्यात पिस्टन नसतो. आत तिकोनी रोटर गरगर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना बोटभर लांब पट्ट्या असतात, त्या सील. दोन रोटर, सहा सील. ती झिजली की इंजिन संपलं. राकेशला पितृपक्षात, वडिलांच्या तिथीला, आईला त्याच गाडीतून बाणगंगेला न्यायचं होतं. रामदासनं अख्खं इंजिन खोलून नवं बांधलं. सील माझ्याकडून नेली.

गाडी पळायची झकास. पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की स्लोवर, म्हणजे गाडी उभी असताना, बंद. राकेशचा फोन आला, "रामदासभाऊ, भायखळ्याच्या पुलावर तीनदा बसली. मागचे शिव्या घालतायत. आई घाबरेल हो!"

"परवा सकाळी गाडी दारात उभी करतो. नाहीतर हे काम सोडतो," रामदास म्हणाला.

अनंत चतुर्दशी होऊन चौथा दिवस. सोमवार. रात्री पावणेदोन. गॅरेजात रामदास एकटा. प्लग बदलून झाले, पेट्रोलचा दाब बघून झाला, स्लोचा स्क्रू फिरवून बोटं सोलली. कंप्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, जरा कमी येत होतं. पण नवीन सील बसायला वेळ घेतात, असं त्यानं स्वतःला समजावलं. नवीनच होती ना. बिलावर लिहिलं होतं.

राहिली एक तपासणी. फिल्टरचा पाइप काढायचा आणि हवा जाते त्या तोंडावर तळहात दाबायचा. इंजिन धड असेल तर गुदमरून बंद पडतं. चालू राहिलं, तर कुठूनतरी चोरटी हवा आत येतेय.

त्यानं इंजिन चालू केलं. ते धापा टाकत होतं. आता बसेल, मग बसेल... त्यानं तळहात दाबला.

इंजिन शांत झालं. बंद नाही. शांत. एकसारखं चालायला लागलं.

रामदास लीक शोधायला वाकला. तेवढ्यात हाताला ऊब लागली. मग ओल. पेट्रोलची नव्हे. जाड... चिकट. आणि वास. बंद डब्यात चार दिवस राहिलेल्या मटणाचा.

हात ओढला. सुटेना.

आतून काहीतरी तळहातावरून फिरलं. मऊ. खरखरीत. या बोटापासून त्या बोटापर्यंत... सावकाश.

चाटलं.

"काका, शी!"

शीच. त्यानं एकदाच सांगितलं, तेव्हा मलाही तेच वाटलं. दहा मिनिटं धरून ठेवला होता त्याचा हात. मग एक लांब उसासा... आणि इंजिन बंद.

सकाळी दुकान उघडलं तर रामदास पायरीवर. हाताला फडकं. रातोरात इंजिन खोलून काढलेली सहा सील त्यानं काउंटरवर मांडली. तो वास माझ्या नाकात गेला.

"काका, ही नवीन आहेत?"

"म्हणजे काय! आईशपथ, नवीनच."

नव्हती. कुर्ल्याच्या भंगारातल्या तसल्याच गाडीची होती. ती गाडी घाटातून दरीत गेली होती. चालवणारा आत अडकला. रात्रभर इंजिन स्लोवर चालू, आणि तो शुद्धीत. पेट्रोल संपलं, तोही संपला. भंगारवाल्यानं मला सगळं सांगितलं होतं. मी सील रॉकेलनं धुतली, पॉलिश पेपर मारला, नव्या पाकिटात भरली. माझ्याच हातांनी. आजही आठवलं की स्वतःवर थुंकावंसं वाटतं. त्या माणसाच्या आईला राकेशच्या आईसारखंच घाबरायला झालं असेल, हे मनात आलं नाही माझ्या.

रामदास एवढंच म्हणाला, "शपथ नको. बिलबुक काढा."

ड्रॉवरला कुलूप. चावी माझ्या कमरेला. बुक काढलं. त्याच्या बिलाची कॉपी उघडली. "सील, सहा, नवीन."

"नवीन" या शब्दावर ओल होती. जिभेएवढी. मागचं पान कोरडं, पुढचं कोरडं.

रामदासनं पाहिलं. मी पाहिलं.

मी त्याच दिवशी खरी सील मिळवली, दोघं रात्रभर बसलो, बुधवारी गाडी बाणगंगेला गेली. सिग्नललाही बंद पडली नाही. राकेशला सगळं सांगितलं. तो माझ्या दुकानात पुन्हा आला नाही. रामदास डाव्या हातानं जेवतो.

हे ते बुक. तीन वर्षं झाली. घे, बोट लावून बघ... नको. नको लावूस. अजून ओलं आहे.

उद्या काउंटरवर बसशील, बाळा. जुनं असेल तर जुनं लिही. एवढा हिशेब खरा ठेव.