सकाळपाळी

"रविवारीसुद्धा?" तिने विचारलं आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"मोठी ऑर्डर आहे," तो म्हणाला. "काचा उद्या सकाळी जायच्यात."

खोटं बोलायची आता इतकी सवय झाली होती की जीभ अडखळत नसे... डोळे मात्र अजून शिकले नव्हते. ते आपोआप खाली गेले आणि तिच्या हातांवर स्थिरावले. पहाटेचे साडेचार वाजत होते. काल रात्री साडेनऊला दवाखान्यातल्या कामावरून परतलेली, सासऱ्यांचं औषधपाणी आणि लेकीचं दप्तर आवरून कधीतरी उशिरा आडवी झालेली ही बाई, नवऱ्याने उपाशीपोटी कामावर जाऊ नये म्हणून उठून उभी होती. आणि नवरा कामावर चाललाच नव्हता.

"जपून जा," ती म्हणाली.

तो जिना उतरला तेव्हा हातातला डबा त्याला विटेइतका जड लागत होता.

तो चष्म्याच्या काचा घासणारा कारागीर होता. हात इतका बसलेला की काचेवरून अंगठा फिरवून नंबर सांगेल, असं कारखान्यातले लोक म्हणत. कारखाना उघडायचा नऊ वाजता. पण घरच्यांच्या लेखी गेलं दीड वर्ष त्याची ड्युटी पहाटे साडेपाचला सुरू होत होती. नवं यंत्र आलंय, सकाळपाळी लागलीय, असं त्याने घरी सांगितलं होतं. कारखान्यातल्या त्याच्या कपाटात अवजारांच्या मागे धावण्याचे बूट होते, अर्धी विजार होती, साबण आणि टॉवेल होता. साडेपाच ते आठ कालव्याकाठच्या रस्त्यावर धावायचं, कारखान्याच्या मागच्या नळावर अंघोळ करायची, बायकोने दिलेला डबा बाकावर बसून खायचा आणि नऊ वाजता भांग पाडून यंत्रापाशी उभं राहायचं.

सुरुवात अशी नव्हती. आई गेल्यावर दोन वर्षं त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. घरात असून नसल्यासारखा असायचा, बोललाच तर खेकसायचा. शेवटी एका सहकाऱ्याने त्याला जवळजवळ ओढतच कालव्यावर नेलं. पहिल्या दिवशी दुसऱ्या विजेच्या खांबापर्यंतही धाप न लागता पोचता आलं नाही. पण त्या दिवशी तो पोटभर जेवला. हळूहळू पाच किलोमीटर झाले, दहा झाले, एकवीस झाले. तेव्हा सगळं उघड होतं. मग एका रविवारी लेकीला ताप चढला, पोर बापाला हाका मारत राहिली आणि बाप तीन तासांनी घामाघूम होऊन परतला. "घरात माणूस हवं असतं तेव्हा तू नसतोस," एवढंच बायको म्हणाली होती. तो खजील झाला. धावणं सोडलं, असा त्याने शब्द दिला आणि अकरा दिवस तो शब्द पाळला. बाराव्या दिवशी त्याने सकाळपाळीची थाप मारली.

तरीही एवढ्यावरच थांबलं असतं तर कदाचित त्याने स्वतःला माफ केलं असतं. पण दहा महिन्यांपूर्वीची ती संध्याकाळ...

बायको दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त काढायची, तपासायची. तिच्या हाताला शीर अशी सापडायची की सुईला घाबरणारी पोरंसुद्धा "त्याच ताई हव्यात" म्हणून बसून राहायची. त्या संध्याकाळी तिचा चेहरा कधी नव्हे तो उजळला होता. तिला सकाळच्या विभागाची प्रमुख करायचं ठरत होतं. रक्ताचे नमुने सकाळीच घेतात, त्यामुळे प्रमुखाला सहाला हजर राहावं लागणार होतं. नानांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, सकाळी इन्सुलिन द्यायचं असतं, लेकीला साडेसातला शाळेत धाडायचं असतं. दोघांपैकी एक जण तर घरात हवा.

"तुझी सकाळपाळी बदलून मिळेल का रे?" तिने विचारलं होतं. तिने लग्नानंतर स्वतःसाठी मागितलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट.

"विचारून बघतो."

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, "मालक नाही म्हणाले."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि कणभरही आदळआपट न करता कामाला लागली. तिची जागा तिच्याच हाताखाली शिकलेल्या मुलीला मिळाली. ती मात्र दुपारी एक ते रात्री नऊची पाळीच करत राहिली. लेक झोपेला आली की घरी यायची.

तो डबा घेऊन निघाला त्या रविवारी कसली ऑर्डर नव्हती, बेचाळीस किलोमीटरची शर्यत होती. तिसाव्या किलोमीटरपर्यंत पाय आपले आपण पळत होते. ऊन चढलं तसा तो वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी थांबून पाणी ढोसत गेला. चौतिसाव्याला डोकं भणभणलं, समोरची माणसं दोन-दोन दिसायला लागली, आणि रस्ता एका बाजूने वर उचलला गेला...

डोळे उघडले तेव्हा हिरवा पडदा होता. "नुसतं पाणी पीत राहिलात, अंगातलं मीठ पार उतरलंय," डॉक्टर कोणालातरी सांगत होते. "रक्त पाठवा लगेच." भिंतीवरची खूण बघून दवाखाना कोणता ते त्याच्या ध्यानात आलं, तिचाच. मग त्याने स्वतःची समजूत घातली, आज रविवार, ती घरी असेल.

पडदा सरकला. हातात ट्रे घेऊन ती उभी होती. सकाळी कोणीतरी आलं नाही म्हणून तिला सातला फोन करून बोलावून घेतलं होतं, हे त्याला नंतर कळलं.

ती थबकली. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून छातीवर टाचलेल्या नंबराच्या कागदाकडे गेली, तिथून चिखलाने माखलेल्या बुटांकडे. मग ती पुढे आली आणि दंडाला रबरी पट्टी बांधली.

"मूठ आवळा," ती म्हणाली.

बारा वर्षांच्या संसारात ज्याला ती 'तू' म्हणत आली, त्याला तिने परक्या पेशंटसारखं 'आवळा' म्हटलं! ते एक अक्षर सुईच्या आधी टोचलं. त्याने मूठ आवळली. तिने सुई घातली आणि शीर चुकली. जिचा हात कधी चुकत नसे, तिला त्या दिवशी नवऱ्याच्या हाताला दोनदा टोचावं लागलं. रक्ताची नळी भरली. तिने तिच्यावर चिठ्ठी डकवली, वेळ लिहिली.

"अगं, ऐक..." तो पुटपुटला.

"सैल सोडा हात. कापूस दाबून धरा." आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

दुपारी शेजाऱ्याने नानांना आणि लेकीला गाडीतून आणलं. आठ वर्षांच्या लेकीला सगळे चिमणी म्हणत. ती धावत खाटेपाशी आली, नंबराचा कागद तिने दोन्ही हातांनी सपाट केला आणि तिचे डोळे चमकले.

"बाबा, तू शर्यतीत होतास? मग आम्हाला का नाही नेलंस? मी ओरडले असते ना तुझ्या नावाने."

बायकोच्या शिव्या, बापाचा मार, काहीही चाललं असतं. पण त्या निर्मळ अभिमानाने त्याच्या अंतःकरणाचं पाणी पाणी झालं. नाना काठीवर हनुवटी टेकून लेकाकडे बघत होते. समजायचं ते समजले होते.

संध्याकाळी त्याला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं एकत्र चहाला बसली. किती महिन्यांनी, कोण जाणे. तिने काल संध्याकाळपासून त्याच्याशी कामापुरतंही बोलणं ठेवलं नव्हतं. त्याने कप खाली ठेवला.

"मला सगळ्यांसमोर बोलायचंय," तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "माझी सकाळपाळी कधी नव्हतीच. कारखाना नऊला उघडतो. मी रोज धावायला जात होतो. मालकांना मी काही विचारलंच नव्हतं. तिला मोठी जागा मिळत होती, ती माझ्या थापेमुळे गेली."

नानांनी बशी खाली ठेवली.

"दीड वर्ष ती माझ्या पोटात सुई टोचतेय," ते हळूच म्हणाले. "रोज, साडेसहाला. तू म्हणालास ड्युटी आहे, तर मी तुझीच कीव करत होतो रे. पोरगा राबतोय म्हणून." आणि ते उठून आत गेले. म्हातारपणी बापाला आपल्यामुळे मान खाली घालावी लागली, हे बघणं त्याच्या नशिबी आलं.

चिमणी शाळेत गेल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. ती भाजी निवडत होती.

"शिक्षा कर," तो म्हणाला. "बोल काहीतरी. घरातून जा म्हण."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"नानांची साखर एकदम उतरली होती एका सकाळी. तुझा फोन बंद. कारखान्यात लावला, तर रखवालदार म्हणाला, काम तर नऊला सुरू होतं. मला आधी नको नको ते वाटलं. कोणी बाई आहे म्हणून. एक दिवस तुझ्या मागे आले. कालव्यापर्यंत." तिने देठ खुडले, बाजूला टाकले. "तू पळत होतास. एकटाच. तोंडाने काहीतरी गुणगुणत होतास. आई गेल्यापासून तुला गुणगुणताना ऐकलं नव्हतं मी. परत फिरले."

"कधी... कधीची गोष्ट ही?"

"जागेचं विचारलं त्याच्या महिनाभर आधीची."

तो तिथेच जमिनीवर बसला.

"मग तू का विचारलंस पाळी बदलून मिळेल का म्हणून?"

"वाटलं, आता तरी सांगशील. मी दार उघडून धरलं होतं तुझ्यासाठी." आता तिचा आवाज फुटला. इतका वेळ आवरलेले अश्रू हातातल्या पानांवर पडले. "तू मालकांचं नाव सांगितलंस. ते मालक कधी तुझ्या आड आले नाहीत, आणि तू माझ्या तोंडावर... मी तुझा खोटेपणा उघडा पाडून ती जागा घेऊ शकले असते. पण आपलं माणूस पुन्हा हसायला लागलंय, जेवायला लागलंय, चिमणीला खांद्यावर घ्यायला लागलंय, हे बघून मी गप्प बसले. तू मागितलं असतंस ना, तर मी सगळं दिलं असतं. तू चोरलंस रे."

त्याने तिच्या पायांना लावायला हात पुढे केला, तेव्हा तिने पाय मागे घेतले.

"ते नको. मला पाया पडणारा नवरा नकोय. उद्यापासून सकाळी घरात राहा, बस."

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी घरात राहू लागला. नानांनी स्वतः त्याला सुई कशी धरायची ते शिकवलं, पहिल्यांदा त्याचाच हात इतका कापत होता की नाना म्हणाले, "मला टोच, स्वतःला नको." तेवढाच पहिल्या महिन्यातला विनोद. चिमणीच्या वेण्या एक वर एक खाली व्हायच्या, ती तशीच शाळेत जायची आणि बाईंना सांगायची की बाबा नवीन आहेत. बायको बोलायची, पण मोजकं. रोज सकाळी ती जरा जास्त वेळ झोपली की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटायची.

एकदा तो म्हणाला, "मी बूट देऊन टाकतो कोणालातरी. आता धावणं नाही, कायमचं."

ती चिडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"म्हणजे उद्या पुन्हा तोंड पाडून बसशील आणि म्हणशील, मी हिच्यासाठी सोडलं? तुझा त्याग माझ्या डोक्यावर नको ठेवूस. मला आधीच्याच ओझ्याने मान मोडतेय."

चार महिन्यांनी सकाळच्या विभागाची ती मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली. जागा सहा महिन्यांपुरती होती, पुढचं कोणालाच माहीत नव्हतं. प्रयोगशाळेने हिला विचारलं. या वेळी तिने घरी येऊन काही विचारलं नाही, जेवताना नुसतं सांगितलं, "सोमवारपासून मी सहाला जाणार."

"बरं," तो म्हणाला.

सोमवारी तो साडेचारला उठला. तिचा डबा त्याने भरला. जिन्यापाशी तिने तो हातात घेतला, थोडी घुटमळली, म्हणाली, "नानांचं आठवणीने," आणि गेली. बांधून काढलेल्या केसांखाली तिची मान ताठ होती. तो कठड्याला धरून खाली बघत उभा राहिला. इतकी सरळ चालणारी बाई आपण चौदा महिने वाकवून ठेवली होती, या विचाराने त्याला भडभडून आलं.

पुढच्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी तो कारखान्यातून परतला. ती घरी होती, चिमणी तिच्याजवळ अभ्यासाला बसली होती. तिने वर न बघता विचारलं,

"आज जातोस का?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे... धावायला."

तो दारातच उभा राहिला. हो म्हणायचीही लाज वाटत होती आणि नाही म्हणायचीही.

"जाऊ?"

"किती लांब?"

"पाच किलोमीटर. कालव्याच्या पुलापर्यंत आणि परत. सव्वासातला घरात असेन."

जवळजवळ दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने बाहेर पडताना तिला खरं ठिकाण आणि खरी वेळ सांगितली होती. तिने मान हलवली फक्त.

तो सावकाश धावला. पाय जड झाले होते, दम पुरत नव्हता. दोनदा थांबून चालावं लागलं. पुलापाशी पोचल्यावर क्षणभर टेकावंसं वाटलं, पण घड्याळ बघून तो लगेच मागे फिरला. तिने त्या सकाळी परत फिरण्याआधी इथेच कुठेतरी उभं राहून आपल्याला पाहिलं असेल... ती लाज कुठेच गेली नव्हती, त्याच्या सोबतच पळत होती.

सात वाजून दहा मिनिटांनी तो दारात होता. चिमणी वही टाकून पुढे आली.

"बाबा, तू कितवा आलास?"

"शेवटचा."

"किती जण होते?"

"मी एकटाच."

चिमणी खो खो हसली. आतल्या खोलीतून नानांच्या खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती, तिने मागे वळून बघितलं नाही. पण तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. त्याने हातपाय धुतले आणि चार ताटं मांडायला घेतली.