कार्पेटवरचे मासे

माझा धंदा साधा आहे. जहाज मोडायला आलं की त्याच्या पोटातलं सामान मी घेतो आणि विकतो. लोखंडाशी माझा संबंध नाही, ते भट्टीवाल्यांचं. माझ्याकडे गाद्या, खुर्च्या, आरसे, ताटल्या. या रस्त्याला दोन्ही अंगांनी अशीच दुकानं आहेत. कुणी नुसते दिवे विकतो, कुणी नुसते संडास. मला सगळे गादीवाले काका म्हणतात. अर्ध्या गावाची पाठ माझ्या गाद्यांवर टेकते. कोण कुशी बदलत झोपतो आणि कोण घोरतो ते मला माहीत असतं, पण मी बोलत नाही. धंद्याला बरं नसतं.

पूर्वी सहलीची जहाजं मोडायला यायची ती म्हातारी होऊन. गंजलेली, कुबट वासाची. साथ आली आणि सगळं फिरलं. लोक जहाजात पाय ठेवायला घाबरायला लागले, कंपन्या बसल्या, आणि धडधाकट जहाजं आमच्या किनाऱ्यावर येऊन रुतायला लागली. रंग ताजा, पडदे कोरे, साबणाचं वेष्टणसुद्धा फोडलेलं नाही. ठेकेदार म्हणायचा, "काका, हे मोडणं नाही, ही कत्तल आहे." आणि लगेच कापायला घ्यायचा.

माझा धाकटा असल्याच एका जहाजावर होता. खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या, हसून नमस्कार करायचा. एकदा फोनवर त्यानं आम्हाला त्याचा पॅसेज दाखवला. लांबच लांब, दोन्ही बाजूंना दारं, खाली निळं कार्पेट आणि त्यात विणलेले पिवळे मासे. म्हणाला, "बाबा, हे सगळे मासे जहाजाच्या नाकाकडे तोंड करून असतात. आतून समुद्र दिसत नाही ना, पुढे कुठलं नि मागे कुठलं कळत नाही. कुणी झिंगून आला की मी सांगतो, माशांच्या मागे जा."

मी म्हणालो, "मला कशाला सांगतोस? मी झिंगत नाही."

"सांग रे सांग," त्याची आई मागून म्हणाली. "त्यांना दुकानातून घर सापडत नाही."

मग त्या जहाजात ताप शिरला. एका बंदरानं नाही म्हटलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. लांबूनच परतवायचे. पोरगा जेवणाची ताटं खोल्यांसमोर ठेवायचा, दार वाजवायचा आणि मागे सरायचा. तसा नियमच होता. शेवटच्या फोनला म्हणाला, "कुठंच घेत नाहीयेत, बाबा." त्यानंतर फोन आला तो कंपनीच्या माणसाचा. पोराला ताप आला होता, त्यातच तो गेला, त्याला समुद्रातच सोडावं लागलं.

"तुम्ही पाहिलंत?" बायको मला म्हणाली. "मी पाहिलं? मग कशावरून?"

तिनं अन्न टाकलं असं नाही, पण घास तोंडात फिरत राहायचा. हाडं वर आली. हाक मारली की खूप लांबून यावी तशी वळून बघायची. पोरगा गेला होता, त्याला मी काय करणार? पण आता हीसुद्धा हातची जाणार, असं दिसायला लागलं. मला दुसरं काही नको होतं. ही राहायला हवी होती.

आणि एक दिवस तेच जहाज इथं आलं.

मी वर चढलो. त्याचा पॅसेज सापडला. सगळी दारं सताड उघडी, कुठं कुणी नाही, आणि खाली मासे. बायकोनं बजावलं होतं, "तो जिथं चालायचा त्यातलं काहीतरी आणा." म्हणून कार्पेटचा एक पट्टा घरासाठी कापला. बाकीचं एका लॉजवाल्याला विकलं.

पोराच्या खोलीत, म्हणजे आमच्या घरातल्या मागच्या खोलीत, तो पट्टा मी माझ्या हातानं अंथरला. खोली लांबट. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला मागचं दार, गल्लीत उघडणारं. कोपऱ्यातलं कपाट आडवं येत होतं म्हणून कार्पेटला तेवढी खाच मारली. माशांची तोंडं खिडकीकडे आली. ती खाच तेवढी ध्यानात घ्या. तिच्यामुळे ते कार्पेट फक्त एकाच बाजूनं बसतं.

काही दिवसांनी मला मासे तिरके दिसायला लागले.

म्हटलं, डोळे गेले. चष्मा बदलून आणला. मासे आणखी तिरके. मग खडूनं एका माशाच्या तोंडासमोर जमिनीपर्यंत रेघ ओढली. आठवडाभरानं बघतो तर रेघ जिथल्या तिथं, खाच जिथल्या तिथं, आणि मासा भलतीकडे बघतोय. बोटानं चाचपलं. विणकाम घट्ट, कुठं धागा उसवलेला नाही. मी चाळीशीपासून कार्पेट विकतोय. रंग उडतो, कड सुटते. विणलेला मासा मान वळवत नाही.

बायकोला बोललो नाही. कारण तेव्हाच ती सुधारायला लागली होती. जेवायला लागली. एकदा भांडी घासता घासता गुणगुणली. मला म्हणाली, "शर्ट बघा स्वतःचा, गाद्या विकता की गादीतून बाहेर आलात?" कितीतरी दिवसांनी शिवी खाऊन मला बरं वाटलं. मासे गेले खड्ड्यात, म्हटलं.

मग खोलीला वास यायला लागला. समुद्राचा नाही. साथीच्या वेळी सगळीकडे फवारायचे ना, त्या औषधाचा. कार्पेटवर अनवाणी उभं राहिलं की तळव्यांना बारीक थरथर लागायची, लांब कुठंतरी इंजिन चालू असल्यासारखी.

लॉजवाल्याचा फोन आला. "काका, कार्पेट वाकडं बसवलंत की हो. सगळे मासे कोपऱ्याकडे बघतायत."

"कुठल्या कोपऱ्याकडे?"

"तुमच्या घराच्या बाजूला," तो म्हणाला आणि उगाच हसला.

त्याच आठवड्यात बायको म्हणाली, "दुकानातनं गाद्या आणून ठेवा."

"किती?"

"जेवढ्या असतील तेवढ्या."

"अगं, घरात माणसं दोन."

ती चादरीला घडी घालत होती. चादर तशीच हातात धरून माझ्याकडे बघितलं, लहान पोराला समजवावं तसं. "तो एकटाच कसा येईल? सगळेच आहेत ना."

"कोण सगळे?"

"ज्यांना कुणी घेतलं नाही ते," ती म्हणाली. "आपण घेऊ."

तिचा चेहरा अगदी निवांत होता. मी गाद्या आणल्या नाहीत. उद्या आणतो, परवा आणतो, असं करत राहिलो. रोज सकाळी जाऊन मासे बघायचो. खिडकी त्यांच्या पाठीला गेली. मग एक दिवस सगळ्यांची तोंडं मागच्या दाराच्या उंबऱ्याकडे झाली. एकूण एक.

त्या दिवशी बायको बहिणीकडे गेली होती. लख्ख दुपार. मी दुकानात जायला निघालो, तर स्वयंपाकघरातल्या कळशीतलं पाणी हलताना दिसलं. एका कडेला चढायचं, थांबायचं, सावकाश दुसऱ्या कडेला जायचं.

मागच्या खोलीत गेलो. औषधाचा वास इतका की डोळे चुरचुरले.

थरथर गुडघ्यापर्यंत आली.

आणि थांबली. इंजिन बंद झाल्यासारखी.

दारावर टकटक झाली. हलकी, अदबीची.

मग कुणीतरी मागे सरलं. बुटांचा आवाज स्पष्ट आला. आणि त्याच्या मागे आणखी कुणी सरलं, त्याच्या मागे आणखी. अख्खी गल्ली एक एक पाऊल मागे झाली आणि वाट बघत राहिली.

कडी माझ्या हाताशी होती.

माझा पोरगा असेल, हे मला कळत नव्हतं असं समजू नका. पण मला बायको डोळ्यांसमोर दिसली. ती या दारातून त्यांना आत घेईल, आणि मग त्यांच्यातलीच होईल. ती जाईल.

मी कडीवरून हात काढला. "इथं नाही," म्हणालो. "पुढे बघा."

कुणी ओरडलं नाही. कुणी दार बडवलं नाही. थोड्या वेळानं कळशीतलं पाणी शांत झालं. खाली बघितलं तर मासे खिडकीकडे तोंड करून होते, अगदी पहिल्या दिवशी होते तसे.

मी चूक केली असं मी म्हणत नाही. तुम्हीही घाईनं म्हणू नका.

बायको आली, मागच्या खोलीत डोकावली, बाहेर आली. मला पाणी दिलं नाही, एवढंच. मी दुकानात गेलो.

दिवेलागणीला परत आलो तर दार आतून बंद. हाक मारली. ती खिडकीत आली. राग नाही, रडं नाही. अनोळखी माणसाला रस्ता सांगावा तशा मऊ आवाजात म्हणाली, "इथं नाही. पुढे बघा."

ती दुपारी घरात नव्हती. मी हे शब्द कुणाला सांगितले नव्हते.

मी थोरलीकडे गेलो. माझी लेक ती, मला बघून पळत दारात आली आणि तिथंच थबकली. हात चौकटीला आडवा झाला. तो स्वतःचा हात बघून ती रडायला लागली. "बाबा, मला कळत नाहीये मी काय करतेय. पण आत नका येऊ."

लॉजवाला म्हणाला, "काका, खोल्या सगळ्या रिकाम्या आहेत. पण जागा नाही." आपण काय बोललो ते त्यालाच कळलं नाही. गोंधळून बघत राहिला.

तेव्हापासून इथंच, दुकानात असतो. गाद्यांची ददात नाही, एवढं बरं. चहावाला कप समोरच्या पायरीवर ठेवून जातो. मला ना ताप, ना खोकला. बायको चांगली आहे. चार घास जेवते, बाजारात दिसते, अंगानं भरलीय. तेच तर हवं होतं मला. ती हातची गेली नाही.

असो. तुम्हाला डबल गादी हवी म्हणालात. चांगला माल आहे, पण तो आत आहे, दाबून बघितल्याशिवाय कळायचा नाही. या. चपला राहू द्या पायात. या की. बोलता बोलता सावली फिरली, आणि तुमचा एक पाय माझ्या पायरीवर आहे तो तसाच आहे.

आणि आता तोही तुम्ही मागे घेतलात.