शेळीच्या धड्यातला आवाज

"हा आवाज तुमच्या मुलाचा नाही."

तिसरीच्या बाईंनी मोबाईल टेबलावर ठेवला. समोर, लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेले फौजदार ताठ झाले. पालकसभा संपली होती. बाकीचे आईबाप आपापली प्रगतिपुस्तकं घेऊन गेले होते.

"बाई, आवाज ओळखण्यात माझा हात कुणी धरत नाही. खंडणी मागणाऱ्याला मी नुसत्या खोकण्यावरून पकडलंय."

"असेल. पण तुमच्या मुलाला मी रोज ऐकते. परवा वर्गात हाच शेळीचा धडा वाचायला दिला. दुसऱ्या ओळीत अडला आणि रडायला लागला."

मुलांचं वाचन पालकांनी घरी रेकॉर्ड करून पाठवायचं आणि ते ऐकून बाईंनी शेरा लिहायचा, अशी शाळेची पद्धत होती. धाकट्याचं रेकॉर्डिंग आईच्या मोबाईलवरून आलं होतं. फौजदारांनी ते स्वतः ऐकलं, मग अख्ख्या चौकीला ऐकवलं, वर सगळ्यांना चहा पाजला. आता तो चहा त्यांच्या घशाशी आला.

"शेरा मी कोरा ठेवलाय," बाई म्हणाल्या. "खरं काय ते उद्या सांगा."

घरी मेजावर वसतिगृहाचा अर्ज भरून पडला होता. यंदा वाचनाचा शेरा चांगला आला नाही तर तुझी रवानगी तिकडे, असं फौजदारांनी धाकट्याला बजावलं होतं. रेकॉर्डिंग ऐकल्यावर अर्ज फाडायचा होता, तो राहून गेला. धाकटा त्या मेजाच्या जवळपाससुद्धा फिरकत नसे.

आतल्या खोलीत पलंगावर बसून त्यांनी कानाला इअरफोन लावले. गोड, स्वच्छ, न अडखळणारा आवाज. त्यामागे बारीक टक, टक, टक.

फौजदारांनी वर पाहिलं. बायको कधीपासून दुरुस्त करा म्हणत होती, तो पंखा डोक्यावर फिरत होता. टक, टक, टक. म्हणजे गुन्हा याच खोलीत घडला होता.

चौकशी सुरू झाली.

"अगं, त्या दिवशी घरी कोण आलं होतं?"

"शेजारचा पोपट," बायको नजर चुकवत म्हणाली. पोपट म्हणजे धाकट्याच्या वर्गातला हुशार मुलगा. तोंड एकदा उघडलं की मिटत नसे, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव.

फौजदारांच्या मिशीला हसू फुटलं. तेवढ्यात सहावीतली ताई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"तू कुठे होतीस गं तेव्हा?"

"इथेच, बाबा."

"काही ऐकलंस?"

"सगळंच ऐकलं."

पण फौजदार तोवर धाकट्याचं पुस्तक उघडून ओळींवर बोट फिरवू लागले होते. बोट मध्येच थांबलं. त्यांनी रेकॉर्डिंग मागे नेलं. 'शेळीने मागे वळून पाहिलं. तिला घर दिसेना.' पुस्तकात शेळी मागे वळत होती, पण पुढचं वाक्य नव्हतंच.

त्यांनी बाईंना फोन लावला.

"ते जुन्या पुस्तकात होतं," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी पुस्तक बदललं, तेव्हा धडा थोडा छाटला."

पोपट निर्दोष सुटला. फौजदारांनी पुन्हा एकदा पंख्याकडे पाहिलं. मग त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं.

"वाचणाऱ्याच्या हातात जुनं पुस्तक होतं," ते म्हणाले. चौकीत निघणारा त्यांचा करडा आवाज आज काही केल्या निघेना. "पोपटाकडे आणि धाकट्याकडे नवं आहे. म्हणजे वाचणारा तिसरीतून आधीच पुढे गेलेला. आवाज लहान मुलाचा आणि खोली ही. आता या घरात..."

त्यांनी ताईकडे पाहिलं.

"मीच वाचलं, बाबा. आईने पाठवलं."

"ताई, मी नाही सांगितलं गं बाबांना!" धाकटा हुंदके देऊ लागला.

"त्याला वसतिगृहात टाकाल म्हणून केलं," बायको पदराने डोळे पुसत म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही ऐकताक्षणी ओळखाल आणि रागावाल. मग निदान बोलणं तरी होईल. तुम्ही तर चहा पाजलात!"

"आवाज का बदललास?" फौजदारांनी ताईला विचारलं.

"नाही बदलला. मी अशीच बोलते."

फौजदारांची मान खाली गेली. लाजेने कान तापले. याच कानांचं चौकीत केवढं कौतुक! पोरीच्या प्रगतिपुस्तकावर आपण शेवटची सही कधी केली, तेही त्यांना आठवेना.

त्यांनी अर्ज फाडला. बाईंना फोन करून सगळं सांगितलं. "अडखळतो, असंच लिहा. सही करायला मी स्वतः येतो." मग धाकट्याला मांडीवर घेतलं, पुस्तक उघडून दिलं. तो दुसऱ्या ओळीत अडला. फौजदार गप्प राहिले. बऱ्याच वेळाने तो शब्द आला.

ताई तांब्या उचलून निघाली होती.

"थांब गं. तूही वाच ना. मला ऐकायचंय."

ती दारात थांबली.

"ऐकलंय की, बाबा. सगळ्या चौकीला ऐकवलंय तुम्ही."