जांभळाखालचा पांढरा पाहुणा

जांभळाच्या बुंध्याशी उगवलेलं ते रोप नखशिखांत पांढरं होतं. एक पान नाही, हिरवा ठिपका नाही, तरी त्याला फूल आलं होतं. न जेवता कुणी फुलतं का? मैथिली चक्रावून गेली.

तिने गांडोबाला सोडलं. गांडोबा म्हणजे आजोबांनी बनवलेला करंगळीएवढा यंत्रमानव. तो सरसर मातीत शिरला आणि तिच्या मनगटावरच्या पडद्यावर जमिनीखालचं जग उमटलं. जांभळाच्या मुळांना केसाहून बारीक कवकतंतू (बुरशीचे धागे) बिलगले होते.

“ही भागीदारी,” तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकावत आजोबा म्हणाले. जन्मभर बुरशी अभ्यासूनही ते लहान मुलासारखे डोळे विस्फारून बघत होते. “बुरशी लांबून पाणी आणि क्षार आणते. झाड तिला पानांत बनवलेली साखर देतं.”

“आणि हे पांढरं?”

“याच्यात हरितद्रव्य (उन्हातून अन्न बनवणारा हिरवा पदार्थ) नाही. हे भागीदार असल्याचं सोंग करून बुरशीकडची साखर लाटतं. देत काहीच नाही. परजीवी (दुसऱ्याच्या जिवावर जगणारं) आहे.”

मैथिलीचा पारा चढला. जांभूळ तिने स्वतः लावलेलं होतं आणि यंदा त्याची पानं पिवळी पडत होती. “उपटतेच. पण आलं कुठून?”

“आपणच आणलं,” आजोबा ओशाळले. “प्रत्येक रोपाला देवराईतल्या मातीचं विरजण घालतो ना, बुरशी लागावी म्हणून? त्यातून याचं धुळीएवढं बी आलं असणार.”

तिने देठ धरला.

“थांब, मी मोजलंय,” मनगटावरच्या पडद्यातून गांडोबा म्हणाला. “जांभळाच्या साखरेचा शंभरावा भागही हे घेत नाही. पानं पिवळी पडलीत ती मुळाशी पाणी साचून. आणि हे एकट्या जांभळाचं खात नाही, सतरा झाडांचं खातं.”

“सतरा?” आजोबा पडद्यावर आणखी वाकले. “तीस वर्षांपूर्वी इथे दगडाची खाण होती गं. गवताची काडी उगवत नव्हती. बुरशीचं जाळं भरभक्कम असेल तरच असल्या फुकट्याचं पोट भरतं. म्हणजे आपण लावलेलं हे रान आतून जोडलं गेलंय.”

मैथिलीच्या अंगावर काटा आला. आपल्या पायांखाली सतरा झाडं एकमेकांशी देवाणघेवाण करताहेत, आणि आपण त्यांच्यावर चपला घालून उभे आहोत. तिने देठ अलगद सोडला, चपला काढल्या आणि कुदळ आणली. साचलेलं पाणी काढायला चर खणायचा होता. एकही धागा तुटू नये म्हणून तिने गांडोबाला वाट दाखवायला पुढे घातलं.