सुलामायचा छातीचा फोटो

ही गोष्ट खरी आहे. माझी स्वतःची आहे. कुणाकडून ऐकलेली नाही आणि वाढवलेलीही नाही. उलट दोन ठिकाणी ती कमी करून सांगावी असं फार वाटलं, कारण त्या दोन ठिकाणी मी वाईट वागले आहे. पण कमी केलेली नाही.

यात रात्र नाही. अमावस्या नाही. जे घडलं ते मागच्या मे महिन्यात, भर दुपारी तीनच्या सुमारास, नांदेडकडच्या पालम गावातल्या आमच्या घरी.

मी धम्मशीला. डॉक्टर आहे, रेडिओलॉजी शिकतेय. म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, स्कॅन बघून आजार शोधायचा. आमच्या गल्लीतली पहिली डॉक्टर मीच, त्यामुळे गल्लीनं मला नुसतं डोक्यावर घेतलेलं.

शेजारच्या घरात सुलाबाई राहायची. आईच्या वयाची. आम्ही तिला सुलामाय म्हणायचो. तिचा मुलगा दत्ताभाऊ बसस्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो.

सुरुवात झाली त्याच्या आदल्या वर्षी, मे महिन्यातच. शरीररचनेची एक परदेशी परीक्षा होती, तिच्या अभ्यासाला मी पंधरा दिवस घरी आले होते. त्या परीक्षेत शंभर चित्रं येतात. प्रत्येकावर एक बाण. बाण कशावर आहे त्याचं नाव लिहायचं. एका चित्राला पुरतं मिनिटही मिळत नाही.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या चित्रांत आजार नसतो. शरीर निरोगीच असतं.

सुलामाय तेव्हा पायरीवरून घसरली होती. छातीचा एक्स-रे काढला होता. आमच्याकडे त्याला फोटोच म्हणतात. बरगडी मोडली नव्हती, म्हणून गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं. ती फिल्म घेऊन माझ्याकडे आली.

"धम्मे, बघ बरं एकदा. डाक्टरनं नीट बगितलंच न्हाई."

मी फिल्म उजेडात धरली आणि ओरडलेच. सुलामायच्या मानेजवळ एक जादा बरगडी होती! शंभरात एखाद्यालाच असते. परीक्षेत हमखास विचारतात.

"सुलामाय, हा फोटो मला दे ना अभ्यासाला."

"घे की माय. तुझ्याच कामाचा हाय."

तिनं काय विचारलं होतं ते मी त्याच मिनिटाला विसरले.

फिल्म मी खिडकीत चिमट्यांनी अडकवली. जखमेवर लावायची पांढरी कागदी पट्टी कापून बाण केला. टोक जादा बरगडीवर, शेपूट खाली फुफ्फुसावर. मोबाईलवर वेळ लावायची आणि धडाधड नावं म्हणायची.

रोज दुपारी तीनला सुलामाय खिडकीपाशी यायची. कैरीच्या पन्ह्याचा स्टीलचा ग्लास कट्ट्यावर टक् करून ठेवायची.

"बगितला का गं माजा फोटो?"

"बघायलेय, सुलामाय."

पंधरा दिवस हेच. पन्हं प्यायचे, ग्लास परत करायचे.

परीक्षेत मी नापास झाले.

दिवाळीत आईचा फोन आला. सुलामायला नांदेडला नेलंय. फुफ्फुसाचा कॅन्सर. सगळीकडे पसरलाय.

फेब्रुवारीत ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी पालमला आले. मांडवात भन्तेजींचं बोलणं चाललं होतं. दत्ताभाऊ माझ्या शेजारी येऊन बसला.

"पावसाळ्यापासून खोकला होता, धम्मे. मी म्हणायचो, चल मोठ्या दवाखान्यात. ऐकायचीच न्हाई. म्हणायची, आपल्या धम्मीनं पंधरा दिवस माजा फोटो बगितला. काई असतं तर ती बोलली नसती का?"

मला मांडवातून उठून पळावंसं वाटलं.

"तवा काई नव्हतं ना गं त्यात?"

मी ती फिल्म त्या नजरेनं एकदाही पाहिली नव्हती. पण सगळी गल्ली बसलेली. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

"नव्हतं, दत्ताभाऊ. काही नव्हतं."

त्यानं मोठा श्वास सोडला. हे माझं पहिलं वाईट वागणं.

मग आला मागचा मे. परीक्षा पुन्हा द्यायची होती. तीच खोली, तीच खिडकी. फिल्म ट्रंकेत गुंडाळून ठेवली होती. नको वाटत होतं, पण अशी जादा बरगडी दुसऱ्या कुठल्याच फिल्मवर नव्हती. खिडकीत लावली. बाण वर्षभर जसाच्या तसा चिकटलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलावर मान घालून वाचत होते. गल्ली सामसूम. दत्ताभाऊचं घर बंद, सगळे पिंगळीला लग्नाला गेलेले. आई आत झोपलेली.

आणि...

टक्.

स्टीलचा ग्लास कट्ट्यावर ठेवल्यासारखं.

मी मान वर केली. खिडकीबाहेर कुणीच नव्हतं. ग्लासही नव्हता.

पण कट्ट्यावर... एक ओलं गोल वळं होतं.

आणि फिल्मवरचा बाण नव्हता.

तो खाली पडला होता, त्या ओल्या वळ्याच्या बरोबर मध्ये. उन्हानं गोंद सुटला असेल. मी स्वतःला तसंच समजावलं. पण फिल्मवर गोंदाचा डागसुद्धा नव्हता. पुसलेल्या काचेसारखी स्वच्छ.

मग मला दिसलं.

बाणाची शेपूट जिथं होती तिथं, उजव्या कॉलरबोनच्या खाली, एक पांढुरका ठिपका. हरभऱ्याएवढा. कडा खडबडीत.

पंधरा दिवस मी त्याच्यासमोर बसले होते. मीच त्याच्यावर पट्टी चिकटवली होती.

मी टेबलापासून मागे सरकले. भीतीनं नाही... म्हणजे भीतीनंही. पण आधी लाजेनं.

त्या उन्हात कपडे दहा मिनिटांत वाळतात. ते वळं संध्याकाळी सहापर्यंत ओलंच होतं. आईनं फडक्यानं पुसलं तेव्हा गेलं. "पन्हं कुणी सांडलं गं हितं?" तिनं विचारलं. घरात त्या वर्षी पन्हं केलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तीनला... टक्.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम खिडकीकडे बघतच बसले. डोळे मिटले नाहीत. तीन वाजले. काहीच झालं नाही. सुटले म्हणून पुस्तकाकडे वळले, तोच पाठीमागून... अगदी हळू...

"बगितला का गं?"

आवाज तिचाच. रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर बरं झालं असतं. वर्षापूर्वी जसा होता तसाच होता. कौतुकाचा.

लग्नाहून परतल्यावर दत्ताभाऊ घरी आला.

"धम्मे, मायचा फोटो हाय का तुझ्याकडं? तिच्या सगळ्या वस्तू जमा करायलोय. आन त्या नांदेडच्या डाक्टरलाबी एकदा दाखवीन म्हणतो. मीच उशीर केला का, येवढं तरी कळंल. रात रात झोप न्हाई बघ मला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. उशीर तुझा नाही, माझा आहे. एवढं एकच वाक्य.

"थांब, आणते," म्हणाले आणि खोलीत गेले.

पट्टी घेतली. नवा बाण कापला. शेपूट जरा रुंद ठेवली. आणि त्या ठिपक्यावर नीट दाबून चिकटवली.

हे दुसरं.

दत्ताभाऊनं फिल्म उजेडाला धरली, तीही उलटी. डोळे बारीक करून बघत राहिला.

"काईच दिसत न्हाई की."

"नाहीच काही."

"मायनं तुझ्यावर लय भरोसा ठिवला, धम्मे." त्यानं डोळे पुसले. "तू म्हणतीस म्हणल्यावर त्या डाक्टरकडं कशाला जाऊ?"

जूनमध्ये मी परीक्षा पास झाले. गल्लीनं बुद्धविहारात सत्कार ठेवला. शाल दत्ताभाऊनं आणली होती. ती खांद्यावर पडली आणि मला मान वर करवेना. लोकांना वाटलं, पोरगी किती साधी आहे.

फिल्म त्यानं फेकली नाही. त्याच्या घराच्या पुढच्या खिडकीची एक काच फुटलेली होती, तिथं बसवली. आमच्याकडे बऱ्याच घरांत जुने एक्स-रे असे लावतात. "मायच्या आडून ऊन येतंय," म्हणाला. बाणही काढला नाही. तू लावलेला हाय, राहू दे, म्हणाला.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले आणि सहज तिकडे बघितलं.

बाण मी वर, मानेकडे लावला होता. आता तो आडवा झाला होता.

टोक आमच्या घराकडे.

आणि शेपटीखालचा ठिपका... उघडा. सकाळच्या उन्हात रस्त्यावरूनही दिसेल असा. ज्याला कळतं त्याला. गल्लीत कळणारी मी एकटीच आहे.

"उन्हानं सरकला आसंल," दत्ताभाऊ म्हणाला. त्यानं दोनदा सरळ करून बघितला म्हणे. पुन्हा आडवा होतो.

मी आता घरी कमीच येते. पण येते तेव्हा दुपारी तीनला कट्ट्यावर टक् होतं. मग ते ओलं वळं. मग तो आवाज.

"बगितला का गं?"

आधी मी कानांवर उशी दाबायचे. मागच्या खेपेला मात्र धीर करून खिडकीशी गेले आणि मोठ्यानं बोलले, "बघितला, सुलामाय. डाग होता. मला दिसला नाही."

मला वाटलं, संपलं.

टक्.

तिला डाग ठाऊकच आहे. तिच्याच छातीत होता तो. तिला सांगून काय उपयोग?

दत्ताभाऊला अजून झोप लागत नाही, आई सांगत होती. उशीर आपणच केला असं त्याला वाटतं.

त्याचं दार आमच्या दारापासून वीस पावलांवर आहे. मी मोजली आहेत. अजून गेलेली नाही.