दोन म्हणजे मार

मृत्यूनंतर माणसाचं काय होतं, या प्रश्नापुढे भल्याभल्या तत्त्वज्ञांनी हात टेकले. मला त्याचं उत्तर सापडलं आहे.

आमच्या संडासाच्या भिंतीत.

हसा. मीही हसलो असतो. जन्मभर लोकांच्या टोप्या उडवून पोट भरलं, त्यामुळे मी खरं सांगायला लागलो की ऐकणारे आधीच दात काढून बसतात. पण हे खरं आहे. गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, लख्ख उजेडात घडलेलं. ज्याच्या हाताचं वाटोळं झालं तो मिस्त्री आजही शर्टाची बटणं डाव्या हाताने लावतो.

निवृत्त झाल्यावर आम्ही एक जुनं घर घेतलं. त्याच सुमाराला माझी थोरली बहीण पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती व्हीलचेअरवर आली. आमच्याशिवाय तिला कोणी नव्हतं. ताईला घरी आणायचं ठरलं, पण तिच्या खोलीतून संडासाकडे जायची बोळकंडी इतकी अरुंद की खुर्ची शिरेना. मधली भिंत फोडून थेट दार काढायचं, एवढाच उपाय. रविवारी ताई येणार होती.

"अर्धी भिंत मीच फोडतो," मी म्हणालो.

"तुम्हाला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही," बायको म्हणाली.

कामाला बोलावलेला मिस्त्री मात्र खूश झाला. "चला की काका! तुम्ही खोलीतून, मी संडासातून. मधे भेटू."

एकाच बाजूने फोडलं तर दुसरीकडचा गिलावा फरशांसकट कोसळतो, म्हणून भिंत दोन्हीकडून खायची. पण एकमेकांचे हात दिसत नाहीत. त्यावर मिस्त्रीचा नियम होता. हातोड्याच्या दांड्याने भिंतीवर ठोका द्यायचा.

"दोन म्हणजे मार. माझा हात बाहेर आहे. एक म्हणजे थांब. माझा हात आत आहे. पाठ?"

"पाठ."

भिंत उगाचच जाड होती. मिस्त्रीने तिच्यावर हात फिरवला आणि छिन्नी उचलली.

काम मस्त लागलं. टक टक... धाड! टक टक... धाड! मला वाटलं, आपण उगाच लिहीत बसलो. गवंडी व्हायला हवं होतं.

मग लक्षात आलं... पलीकडून मिस्त्रीच्या घावांचा आवाज बराच वेळ आलेला नाही.

नुसते ठोके येत होते.

टक टक...

मी मारलं.

"जोरात आहे गडी!" पाठीमागून कोणीतरी म्हणालं.

मी वळलो. दारात मिस्त्री उभा होता. हातात चहाचा कप.

"तुम्ही इथे? मग पलीकडे कोण आहे?"

"कोण असणार? बायका संडासात पाहुणे बसवत नाहीत." तो हसला. मग जरा दरडावून म्हणाला, "काका, ठोका आल्याशिवाय मारायचं नाही. गंमत नाही ही."

मी भिंतीकडे वळलो. म्हटलं, आपलाच घाव घुमून परत येत असेल. या वयात कानही घरासारखेच दुरुस्तीला येतात.

मिस्त्री पलीकडे गेला.

टक.

एक ठोका. मी हातोडा वर धरूनच थांबलो. छिन्नी भोकात टेकवलेली होती.

आणि मग... अगदी हळू... जणू कोणी विचार करून...

टक.

दोन म्हणजे मार.

विटेवर घाव बसला की हादरा खांद्यापर्यंत चढतो. या वेळी हादरा आलाच नाही.

छिन्नी मऊशार कशात तरी शिरली.

त्यानंतरची किंकाळी मी कधी विसरणार नाही. धावत पलीकडे गेलो. मिस्त्री भिंतीला गाल चिकटवून उभा होता, उजवा हात कोपरापर्यंत भोकात. सैल वीट काढायला घातलेला. माझी छिन्नी त्याच्या तळव्यातून आरपार जाऊन विटेत रुतली होती. रक्त भोकाच्या कडेवरून उतरून कोऱ्या फरशीवर पसरत होतं.

"एकच दिला होता! काका, एकच दिला होता मी!"

"दोन आले, मिस्त्री..."

"एक!"

छिन्नी उपटायला मला परत माझ्या बाजूला जावं लागलं. मी पाय भिंतीला लावून ओढत होतो, तो पलीकडे गुरासारखा ओरडत होता. आणि भिंतीच्या पोटात...

टक टक. टक टक. टक टक.

घाईघाईने. आनंदाने.

मिस्त्रीची दोन बोटं गेली. बायकोने गुंडाळलेला टॉवेल आम्ही नंतर फेकून दिला.

पण ताई रविवारी येणारच होती. चौकट बसवायला आलेल्या सुताराला मी सगळं सांगितलं.

"नियमच खुळा," सुतार हसून म्हणाला. "थांबायला एक आणि मारायला दोन? थांब म्हणणाऱ्याच्या ठोक्यात कोणी एकाची भर घातली की संपलंच!"

"भर घालणार कोण?"

त्याचं हसू मावळलं. त्याने घण उचलला आणि खोलीच्या बाजूने एकट्यानेच भिंत पाडली.

आत पोकळी निघाली. माणूस तिरका उभा राहील एवढी.

हाडं नाहीत. चिंधी नाही. काहीच नाही.

फक्त आतल्या गिलाव्यावर खळगे होते. ठोकून ठोकून पडलेले. जोडीजोडीने. छातीच्या उंचीवर सुरू होऊन खाली... आणखी खाली... थेट जमिनीपर्यंत. जणू ठोकणारा हळूहळू खाली बसत गेला होता.

"आतून पडलेत," सुतार पुटपुटला.

चौकट बसवून तो गेला. चहासुद्धा न घेता.

रविवारी ताई आली. खुर्ची नव्या दारातून अल्लाद गेली आणि परत आली.

"बाळ्या, जन्मात पहिल्यांदा तुझ्या हातून सरळ काम झालं!"

मला रडू यायचंच बाकी होतं. मी तिच्या शेजारी बसून दाराच्या पट्टीला खिळे मारत होतो. बायको चहा टाकत होती. ताईला ओरडून हाक मारायची सवय नाही. चहा हवा असला की ती काठी आपटते.

टक टक.

पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा खुर्चीचा हात तुटून लोंबत होता. चष्मा सावरायला ताईने त्यावरचा आपला हात उचलला होता, म्हणून वाचली. आणि माझा हातोडा पुन्हा वर गेला होता. तिच्या डोक्यावर. मी तो खाली टाकायला बघत होतो. बोटं उघडत नव्हती. बायको धावत आली, माझ्या दंडाला लोंबकळली. तिलाही मी झटकून टाकलं. ती चौकटीवर आपटली, कपाळ फुटलं.

"बाळ्या," ताई पांढरीफटक पडून म्हणाली, "मी चहाच मागितला होता रे..."

तेवढ्यात बायकोने मूठ वळली आणि चौकटीवर हाणली.

टक.

एक म्हणजे थांब.

माझा हात थांबला.

आणि मग आम्ही तिघंही श्वास रोखून... दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिलो.

तो आला नाही.

अजून आलेला नाही.

घरातले हातोडे, बत्ते, ताईची काठी, सगळं बायकोने बाहेर काढलं. चहासाठी ताई आता टाळी वाजवते. एकच. त्या दारातून जाताना मात्र आम्ही तिघंही कान टवकारतो, कारण चौकटीवरचा तो एक ठोका अजून एकटाच आहे.

तेव्हा आमच्याकडे कधी आलात तर दार ठोठावू नका. बेल आहे. मीच बसवली आहे, म्हणून डावीकडून जरा जोरात दाबा.